चुलाणामागची बाटली

आमच्या निमोण्यात लग्नाचा स्वयंपाक करणारे एक आचारी आहेत. खरं सांगते, आमटीत मीठ किती झालंय ते हा माणूस नुसत्या वासावर सांगतो. दारू सोडून त्यांना वर्ष झालं होतं. आचाऱ्यासाठी चुलाणामागं बाटली ठेवायची आमच्याकडं जुनी रीत; पुतणीच्या लग्नात दिरानं सवयीनं ठेवलीच. आचारी मला हळूच म्हणाले, "आक्का, एवढी उचला. आन् जरा हितंच बसा, मला एकटं सोडू नगा." मी बाटली मोरीत ओतली आणि लसूण सोलत बसले. कळलं तशा जावा, नणंदा सगळ्याच येऊन बसल्या. गप्पा काही थांबेनात. शेवटी आचाऱ्यांनीच हात जोडले, "बायांनो, आता न्हाई पीत म्या. भाजी ढवळायला जागा तरी द्या."