गल्लीची वर्गणी

दाराशी आले की ते आधी चपला काढायचे आणि मग हाक द्यायचे, "वहिनी, गल्लीची वर्गणी!" आता सांगा, महापालिकेचा मालमत्ता कर मागायला आलेला माणूस असं कुठे बोलतो का? सुपेल्यातल्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना वर्गणीवाले भाऊच म्हणत.

आमच्या बाबांसारखेच त्यांचेही वडील भंडाऱ्याकडून इथल्या स्टील प्लांटात कामाला आलेले. "पहिले साऱ्यासाठी रायपूरकडे तोंड करून बसा लागे," ते समजावत. "आता टॅक्स आपल्याच महापालिकेपाशी राहते. गणपतीची वर्गणी गल्लीतून जमते अन् मंडप गल्लीतच लागते ना? तसंच हे. तुम्ही भरा, नाली मी आणतो."

प्लांटच्या कॉलनीतल्या सेक्टरवाल्यांचं काय हो, त्यांचं सगळं प्लांट बघतो. आमच्या दारात मात्र बारा महिने काळं पाणी. शेजारच्या काकूंच्या तर ओट्यावर चढायचं. म्हणून अख्ख्या गल्लीने कर भरला, सख्ख्या भावाला टोपी घालणाऱ्यांनीसुद्धा! भाऊंनी खुशीत चुन्याने नालीची रेघही आखून दाखवली.

रेघ पुसली गेली, नाली काही आली नाही.

भाऊ ऑफिसात खेटे घालून आले आणि ओट्यावर बसून खरं ते सांगून मोकळे झाले. वरून येणारं अनुदान अडकलं होतं, म्हणून जमलेला कर महापालिकेच्या लोकांच्या पगारात गेला.

"म्हंजे आमची नाली तुम्हीच खाल्ली म्हना की!" काकू हसत म्हणाल्या.

"हो वहिनी. माहा पगारही त्याच्यातूनच झाला."

काकूंचं हसू तिथेच विरलं. पुढच्या वर्षी अर्ध्या गल्लीने भरलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी कोणीच नाही. भाऊंचे ऑफिसातले साहेब म्हणत, वसुली नाही तर नाली कुठून? आम्ही म्हणायचो, नाली नाही तर वसुली कसली? मधल्या मधे भाऊ पिचले. नंतर ते हाक न देता नुसती नोटीस दारात सरकवून जात.

रिटायर होऊन ते कुम्हारीला राहायला गेले. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेलो. चहा घेत होतो, इतक्यात तिथल्या पालिकेचा वसुलीवाला दाराशी आला.

"चाचाजी, टैक्स?"

"नहीं भरूँगा."

"अहो भाऊ, तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"लोकायले खोटी आशा देऊन मी जलमभर टॅक्स मागितला. तो पैसा कुठं जाते, मले ठाऊक आहे. आता मीच कावून भरू?"

भाऊ उठले, दार लोटलं आणि आतून कडी घातली. बाहेर तो माणूस अजून उभाच होता.