गणिताच्या सरांची तक्रार

केजच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. इंग्रजी येतं म्हटलं की गावात माणसाची सुटका नसते. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, मोटारसायकलच्या विम्याचे कागद, कुणाच्या जावयाचा नोकरीचा अर्ज, सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं. अलीकडे त्यात शिफारसपत्रांची भर पडली. आमची पोरं आता लांबच्या मोठ्या विद्यापीठांत अर्ज करतात आणि त्या विद्यापीठांचं नुसत्या मार्कांवर भागत नाही. पोर नेमकं कसं आहे ते त्यांना पोराच्या मास्तरांकडून ऐकायचं असतं.

आमच्या मास्तरांना मात्र कुठल्याही पोराबद्दल एकच वाक्य लिहिता येतं : 'माझ्या माहितीप्रमाणे सदर विद्यार्थ्याची वर्तणूक चांगली आहे.' दाखल्यांवर तेच लिहून त्यांचा हात बसलेला. मी भूगोलाच्या सरांच्या मागे लागले, अहो, या मुलाबद्दल काहीतरी खास सांगा. त्यांनी डोळे मिटून बराच विचार केला आणि म्हणाले, "लिवा, वर्तणूक लई चांगली हाय."

असं सगळं मजेत चाललेलं असताना बारावीतल्या एका मुलीला बंगळुरूला जाऊन गणित शिकायचं होतं. वडील केज-नेकनूर रस्त्यावर जीप चालवायचे. तिथे शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ, राहणं-जेवण फुकट. नाही मिळाली तर मावशीने एक स्थळ आणूनच ठेवलं होतं. अट एकच होती, पत्र गणिताच्या शिक्षकांचंच हवं. आणि तिथेच घोडं अडलं.

गणिताच्या सरांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून. मध्ये प्लायवूडची भिंत, त्यामुळे त्यांचा तास आम्हालाही फुकटात मिळायचा. रोज एकदा तरी पलीकडून आरोळी यायची, "खाली बस!" माझ्या वर्गातली पोरं हसायची, कारण कोण उभं राहिलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती हीच.

"मॅडम, सर काय लिवतील माझ्याबद्दल?" ती रडवेली होऊन म्हणाली. "दोन वर्षांत एकदाबी चांगलं बोलले न्हाईत."

वडिलांनी आपल्या परीने तोड काढली होती. शिफारस हा शब्द ऐकल्याबरोबर ते एका पुढाऱ्याच्या लेटरहेडवर पत्र घेऊन आले. वर हात जोडलेला रंगीत फोटो, खाली मजकूर, 'सदर मुलगी माझ्या परिचयाची असून तिचे काम तातडीने करावे.'

"मॅडम, अशाच पत्रावर आमच्या वस्तीला लाईटीची डीपी बसली. मग ॲडमिशन कावून न्हाई व्हायचं?"

मी ते पत्र घडी घालून त्यांच्या हातात परत दिलं आणि सांगितलं, पुढच्या डीपीला उपयोगी पडेल, जपून ठेवा.

गणिताच्या सरांचा घोळ उलटा होता. शिफारस म्हणताच ते ताठ झाले. "मॅडम, आपण वशिला लावत न्हाई. सख्ख्या पोराच्या बदलीसाठी कुणाला फोन केला न्हाई." मी समजावलं की हा वशिला नव्हे, ही रीतच आहे. ते चहा ओतत म्हणाले, "वशिला लावणारे समदे असंच म्हणतेत." अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. माझं डोकं आधीच तापट, ते आणखी तापलं.

"नका करू शिफारस! मग तक्रार करा! दोन वर्षं त्या पोरीवर ओरडताय ना, ते तरी लेखी द्या!"

सरांनी कप खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. "तक्रार आसंल तर लिवा."

मी लिहायला बसले.

"ही पोरगी लई आगाऊ हाय. उत्तर आलं तरी खाली बसत न्हाई. म्हणती, सर, दुसरी रीत हाय. मी म्हणतो, बोर्डाला एकच रीत लागती. तर म्हणती, बोर्डाला लागती एक, मला दोन्ही पायजेत."

"बरं. पुढे?"

"पुढं काय? एक बार फळ्यावर माझी चूक काढली. भर वर्गात. खाली बस म्हणलं, तर तास संपेस्तोवर उभी."

"मग?"

"मग काय. चूक होतीच." त्यांनी माझ्या कागदावर बोट ठेवलं. "हे पण लिवा. तक्रार खरी पायजे. आन् लिवा, हिच्यामुळं मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागतंय. नोकरी लागल्यापासून उघडलं नव्हतं."

मी इंग्रजीत करताना हळूच एक 'जिज्ञासू' घुसवला. सरांनी सगळं मराठीत परत वाचून घेतलं आणि मला पकडलं. "हे कुठून आलं? मी आगाऊ म्हणलो." आगाऊला इंग्रजीत जोडीदार शोधता शोधता माझी दमछाक झाली. मग माझ्या फोनवर उघडलेल्या फॉर्मचे रकाने आले. नम्रतेला त्यांनी 'सरासरीपेक्षा कमी' सांगितलं. मी हात जोडले, सर, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. "बरं, सरासरी करा. त्याच्यावर एक पायरी न्हाई."

शेवटचा रकाना गणिताची जाण किती, याचा होता. त्यात सगळ्यात वरचा पर्याय होता, 'आजवर शिकवलेल्यांत सर्वोत्तम.' सरांनी चष्मा कपाळावर सरकवला, माझ्या हातातून फोन घेतला, स्वतःच्या बोटाने तो पर्याय दाबला आणि फोन परत दिला.

"तिला सांगायचं न्हाई. डोक्यावर बसंल."

पत्र गेलं आणि माझा राग उतरला. रागाच्या भरात सुचलेली माझी हुशारी पोरीला नडणार असं वाटून जेवण जाईना. तिने विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, "सरांनी तक्रार केलीय." बिचारीचा चेहराच उतरला.

मुलाखत व्हिडिओवर होती, माझ्याच घरी. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी. तिकडच्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, सरांची ती चूक कोणती होती? ती गडबडली. हे त्यांना कसं कळलं? मग कागदावर गणित मांडून तिने कॅमेऱ्यासमोर धरलं, सुरुवातीला चाचरत, नंतर फडाफडा. ते म्हणाले, पुरे, समजलं. ही म्हणाली, "थांबा, दुसरी रीत राहिली." पलीकडून हसण्याचा आवाज आला आणि माझ्या हातातली पळी कढईत पडली.

निवड झाल्यावर ती पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली. सरांच्या पाया पडताना तिला रडू आवरेना. सर नेहमीसारखेच करवादले, "रडायला काय झालं? तिथं लई शिकलेले मास्तर असतेत. ते चुकले तर काय करशील?"

"उभी राहीन, सर."

"खाली बस म्हणले तर?"

तिने पेढ्यांचा पुडा उघडून पुढे केला. सर म्हणाले, "बसायचं न्हाई."

मग तोंड फिरवून त्यांनी दोन पेढे उचलले.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं. नवी बारावी पलीकडे बसली. पहिल्याच आठवड्यात मी शिकवत असताना सरांचं गणित संपल्याचं ऐकू आलं, खडू ठेवल्याचा आवाज आला आणि पलीकडे शांतता झाली. माझ्याही वर्गाने कान टवकारले.

"कुणी उठतंय का न्हाई?" सरांनी विचारलं.

एकही बाक वाजलं नाही. मग खडू पुन्हा फळ्यावर वाजला.

"ह्याला दुसरी रीत पण हाय," सर म्हणाले. "लिवून घ्या."