पेट्रोलनं धुतलेली क्लच प्लेट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय – माहीत नाही, पण आता आत ठेववत नाही.

शाहूपुरीत आम्हा दोघा भावांचं गॅरेज. थोरले ते आण्णा. हात माझा चालायचा, डोकं त्यांचं. क्लचवर पाय ठेवला की गाडीचं दुखणं सांगायचे. नुसतं त्यांना दाखवायला गगनबावड्याहून गाड्या यायच्या. मला अभिमान होता, आणि – खरं सांगू? – मनातून मी जळतही होतो.

एकदा कागलच्या पावण्यांची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आली. वडिलांच्या वेळची, लाल. चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढं सरायची नाही. आण्णांनी हँडब्रेक ओढला, टॉप गिअर टाकला, हळूच क्लच सोडला. क्लच धड असेल तर इंजिन बंद पडतं. ते चालूच राहिलं. मग खाली वाकून वास घेतला आणि म्हणाले, नुसती प्लेट बदलून भागायचं नाही, मागचं ऑइल सील गळतंय, तेल प्लेटवर येतंय.

गिअरबॉक्स मी उतरवला. तेच होतं. प्लेट तेलानं माखलेली. पण एवढ्या जुन्या गाडीचं सील कोल्हापुरात कुठं मिळणार? मागवायला महिना लागला असता. आणि मी तर रविवारी गाडी देतो म्हणून बसलो होतो – आण्णांना न विचारता. नुसती नवी प्लेट घातली आणि गाडी बांधून टाकली.

आमच्याकडे एक शिस्त होती. उतरवलेला पार्ट आधी आण्णांच्या हातात द्यायचा. मी काय केलं? जुनी प्लेट पेट्रोलनं धुतली, घासून पुसली, मग दिली. म्हणालो, सील कोरडं ठाक होतं. त्यांनी ती नाकाशी नेली. उलटी केली, पुन्हा नाकाशी नेली. मला वाटलं, आता शिव्या घालतील.

"मग माझंच चुकलं म्हणायचं की," एवढंच बोलले.

तिथंच सांगता आलं असतं ना? महिन्यानं गाडी परत आली, क्लच घसरतच. आण्णांनी विचारलं, "सील नीट बघितलंस न्हवं रं?" मी व्हय म्हणालो. नवी प्लेटच खराब निघाली म्हणालो. तोवर मी मागाहून मागवलेलं सील येऊन पडलं होतं. प्लेट बदलायला गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, आणि आण्णा जेवायला घरी गेले तेव्हा ते गुपचूप बसवलं. गाडी बरी झाली.

आण्णा नाही झाले. पुढची गाडी आली तेव्हा पेडलवर पाय ठेवून ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग पाय ठेवणंही सोडलं. धाकट्याला दाखवा, मला आता कळत नाही, असं गिऱ्हाइकाला सांगायचे. चाळीस वर्षांचं कसब – माझ्या एका शब्दावर टाकून दिलं. असा कसा हो विश्वास ठेवतात माणसं?

शेवटी दवाखान्यात तीन दिवस मी खाटेजवळ होतो. दुसरं कुणी नसायचं. वेळ होता, शुद्ध होती त्यांना. गॅरेजात गाड्या कोण बघतंय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मीच.

"बरं झालं. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतंय," म्हणाले, आणि माझा हात थोपटला.

मी थोपटू दिला.