भगवंतभाऊंचा अंदाज

पिंपरी पेंढारच्या भगवंतभाऊंनी जन्मात कधी चुलीवर पातेलं ठेवलं नसेल, पण गावातलं कुठलंही मोठं जेवण त्यांच्यावाचून शिजत नसे. लग्न असो, दहावा असो, बारसं असो, घरचा कर्ता माणूस आधी भाऊंच्या ओट्यावर येऊन बसायचा. भाऊ एकच प्रश्न विचारायचे, "माणसं किती धरायची?" आकडा कळला की टोपी मागं सारायची, डोळे मिटायचे आणि बोलायला लागायचं. तेल इतके डबे, मसाला इतके पुडे, डाळ इतकी पोती, कोथिंबीर इतक्या जुड्या. किलो आणि ग्रॅमच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. डबा, पुडा, पोतं आणि जुडी एवढीच त्यांची मापं. तेवढ्यावर उभ्या आयुष्यात त्यांनी एक पंगत उपाशी उठू दिली नाही की एक कढई ओढ्यात ओतू दिली नाही.

ह्या कामाचा त्यांनी कधी रुपया घेतला नाही. मान तेवढा घेतला. कढई उतरली की पहिली वाटी भाऊंना द्यायची, त्यांनी फुंकर मारून एक घोट घ्यायचा, मान हलवायची, आणि मगच पंगत बसायची. असा रिवाजच पडून गेला होता. एकदा भाऊ गर्दीत सापडेनात म्हणून नवरदेवाकडची माणसं पाऊण तास पत्रावळीपुढं बसून राहिली होती. भाऊ मागच्या बाजूला जावयाशी बैलांच्या गप्पा मारत होते.

"घरात मिठाचा डबा कुठल्या फळीवर हाय त्ये ठावं न्हाई," त्यांच्या बायको सारजाबाई म्हणायच्या, "आन् गावाच्या आमटीला मीठ किती त्ये ह्ये सांगत्यात." पण हे त्या घरात म्हणायच्या. बाहेर कुणी भाऊंच्या अंदाजाला नाव ठेवलं, तर त्याची काही खैर नसायची.

यंदाच्या चैत्रात सप्ताहाचा काला झाला आणि तिथं भाऊंचं नशीब फिरलं.

आमच्याकडे काल्याला आमटी-भाकरी. आमटी देवळापुढं मोठाल्या कढयांत शिजते आणि भाकरी घराघरातून येते. भाकरीची चिंता कुणालाच नसते, कारण आपली दुरडी शेजारणीपेक्षा लहान दिसू नये म्हणून प्रत्येक बाई चार जास्तच थापते. सगळी मदार आमटीवर. भाऊंनी नेहमीसारखे डोळे मिटून अंदाज सांगितला, सप्ताह कमिटीच्या यमाजींनी तसाच्या तसा माल आणला, आणि कोथिंबीर दरवर्षीप्रमाणे भाऊंनीच आपल्या वावरातली दिली.

पहिली वाटी भाऊंच्या हातात आली तेव्हाच त्यांना खटकलं. वर तांबडा तवंग नव्हता. आमटीत कोथिंबिरीचा हिरवेपणा दिसत नव्हता. घोट घेतला तर मसाला जिभेला लागेना. पण आजवर मान हलवली नाही असं झालंच नव्हतं, सवयीनं मान हलली आणि पंगत बसली. पहिली पंगत काही बोलली नाही. दुसरी पंगत एकमेकांकडं बघायला लागली. दुसरी पंगत अर्धी झाल्यावर आचाऱ्यानं चव आणायला तिखट, मीठ, मग ते जास्त झालं म्हणून गरम पाणी असं एकेक करून सगळं ओतून पाहिलं. तिसऱ्या पंगतीला डिंगोऱ्याचे पाहुणे बसले होते. त्यांच्यापुढं भाकऱ्यांची चळत आणि वाटीत तांबूस पाणी.

"पावणं, चुरा की," कुणीतरी आग्रह केला.

"कशात चुरू?" पाहुणा म्हणाला. "वाटीचा तळ दिसतोय, राव."

गावाची अब्रू गेली. आणि अब्रू गेली की ती कुणाच्या हातून गेली हे शोधावंच लागतं.

लोकांनी भाऊंना शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या देणाऱ्याला उलट शिवी देता येते. पण लोक मायेनं वागायला लागले. आपल्या भाऊंचं वय झालं, डोक्यात जरा फरक पडला, असं गावानं मनाशी ठरवून टाकलं. पोरं त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागली, जणू भाऊंना कमी ऐकू येतं. शेजारच्या रामनाथनं सहज विचारल्यासारखं करून "भाऊ, आज वार कोंचा हो?" असं विचारलं. यमाजींची बायको बानूबाई भिजवलेले बदाम घेऊन आली आणि भाऊंच्या देखत सारजाबाईंना म्हणाली, "रोज सकाळी सात द्येत जा. सालं काढून. त्येंना काढाया जमायची न्हाईत."

भाऊंनी बदाम खाल्ले, कारण बदाम होते. पण घास गोड लागेना. त्यांना स्वतःलाच धास्ती बसली होती. त्यांच्या चुलत्याचं असंच झालं होतं. आधी पोत्यांचा हिशेब चुकायला लागला, मग पोरांची नावं, आणि शेवटी म्हातारा आपल्याच घरात शिरताना बाहेरून हाक मारायचा, घरात कुणी आहे का म्हणून. भाऊ सायंकाळी ओट्यावर बसून सगळ्या नातवंडांची नावं मनात घोकायचे. नावं बिनचूक यायची, तरी भीती जायची नाही.

त्यात कानावर आलं की पुढल्या वर्षापासून आळेफाट्याच्या कुणा केटरिंगवाल्याला बोलवायचं घाटतंय. पहिली वाटी आता तोच चाखणार होता.

सुटका झाली ती चहाच्या डब्यानं.

सारजाबाईंचा चहाचा डबा माहेरून आलेला, पितळेचा. त्यात नवा पुडा ओतला की तो नेहमी शिगोशीग भरायचा, चार चमचे बाहेर उरायचे आणि त्या उरलेल्याचा लगेच चहा करायचा, असा घरचा नेम होता. त्या दिवशी सारजाबाईंनी पुडा ओतला आणि झाकण सरळ बसलं. वर दोन बोटं जागा राहिली.

"आवं, उरली न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय उरली न्हाई?"

"चहापत्ती. आता तुमचा चहा कशाचा करू?"

भाऊंनी डब्यात डोकावून पाहिलं. आधी त्यांना वाटलं, डबा वाढला. आता डबा वाढल्याचं वाटतंय म्हणजे डोकं खरंच गेलं, असं वाटून ते मटकन खाली बसले. मग त्यांनी माळ्यावर शोधून बियाण्याच्या धन्यांनी भरलेला एक जुना पुडा काढला, धने ताटात ओतले आणि दोन्ही पुडे जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. रंग तोच, वरची हसरी बाई तीच. नवा पुडा बोटभर बुटका. भाऊंनी टोपी घातली आणि दोन्ही पुडे धोतराच्या सोग्यात धरून ते सुदर्शनच्या किराणा दुकानाकडं असे निघाले की सारजाबाईंना वाटलं, आता काही खरं नाही.

दुकानात चहा-मसाल्याच्या कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा, हातात मोबाइल. भाऊंनी पुडे काउंटरवर ठेवले.

"ह्यो पुडा बारीक कुणी क्येला?"

"काका, तो नवीन पॅक आहे," तो हसून म्हणाला. "भाव तोच ठेवलाय बरं का कंपनीनं. ग्राहकाला भुर्दंड नको म्हणून."

"आन् मसाल्याचा?"

"तोही नवीन पॅक. आधी पाचशे ग्रॅम होता, आता चारशे वीस."

सुदर्शननं गल्ल्यावरून मान वर केली. "तेलाच्या डब्याचं बी तसंच हाय, भाऊ. आधी पंधरा किलोचा यायचा, आता पंधरा लिटरचा येतोय. डब्यामागं सव्वा-दीड किलोचा फरक."

"मग सांगायचं कुणी, मुडद्या?"

"मला वाटलं तुमाला ठावं आसंल. छापल्यालं आसतंय वर."

भाऊंनी पुडा डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उजेडात फिरवला. अक्षरं होती, पण मुंगीच्या चालीनं जाणारी. हसऱ्या बाईचे दात मात्र वावरातून दिसतील एवढे.

"काका, खर्च किती वाढलाय," कंपनीचा माणूस समजूत घालायला लागला. "डिझेल, प्लास्टिक, पगार. कंपनीनं तरी काय करायचं?"

"लई अडचणीत हाय म्हना कंपनी."

"तसं नाही. धंदा यंदा एक नंबर झाला. आम्हाला सगळ्यांना गोव्याला नेलं होतं तीन दिवस. मोठं हॉटेल, पोहायचा तलाव सुद्धा."

"समुद्र व्हता की तिथं," भाऊ म्हणाले. "तलाव कशाला लागला?"

भाऊंचा आवाज चढला. "आरं, भाव वाढवला आसता तर मी चार शिव्या घालून घेतला आसता. त्यो रोखठोक धंदा झाला. पर तुमी गुपचूप पुडा कापला आन् गावाला वाटलं भगवंताचं डोकं कापलं! बदाम खातोय मी म्हैनाभर! तुमी गोव्याला पोहायला, आन् मी हितं सालं काढतोय!"

सुदर्शनला हसू आवरेना म्हणून तो साखरेच्या पोत्यामागं वाकला. भाऊ मात्र बाहेर पडले ते ताठ मानेनं. डोकं जागेवर होतं. आता ते गावाला दाखवायचं बाकी होतं.

दोन दिवसांनी देवळात सप्ताहाची बैठक बसली. एका बाजूला पुरुष, खांबापलीकडं बायका, त्यात सारजाबाई. यमाजी केटरिंगवाल्याचा विषय काढणार, एवढ्यात भाऊ उठले. त्यांनी जुना पुडा, नवा पुडा, तेलाचा जुना रिकामा डबा आणि नवा डबा ओळीनं देवापुढं मांडला. मग त्यांनी असं काही भाषण केलं की कीर्तनकारालाही हेवा वाटावा. कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. गोव्याचा तलाव आला. हसऱ्या बाईचे दात आले. गाव पेटलं. ज्याच्या त्याच्या घरात काहीतरी बारीक झालेलं निघालं. कुणाची साबणाची वडी, कुणाचा बिस्किटांचा पुडा, कुणाचं फरसाण. "तरीच!" "आमी म्हनलंच!" असा एकच गलका झाला. रामनाथनं तर भाऊंच्या पाया पडून वाराबद्दल माफी मागितली.

यमाजी तेवढे बोटांवर मोजत होते. त्यांच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली होती, आणि कळपातलं एक मेंढरू मोजायचं राहिलं तर त्यांना झोप लागत नसे.

"भगवंता," ते शांतपणे म्हणाले, "त्याल कळालं. मसाला कळाला. पर कोथमीर बी कमी पडली व्हती. ती तर कंपनीनं न्हाई पिकवली."



भाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. ते खांबापलीकडं बघायला गेले तर सारजाबाई पदर तोंडाशी धरून त्यांच्याकडंच बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं, कारण त्या दिवशी जुड्या बांधायला त्या स्वतःच बसल्या होत्या. काल्याच्या आठवड्यात नारायणगावच्या बाजारात कोथिंबीर कडाडली होती. आमच्याकडं जुडी शेकड्यानं विकली जाते. जुडीत किती काड्या हे कुणी मोजत नाही, आणि भाव चढला की बांधणाऱ्याची मूठ आपोआप आखडते. भाऊंनी त्या सकाळी बांधावर उभं राहून बायकांना सांगितलं होतं, "जरा हात आवरा, पोरींनो." बाजाराच्या त्याच ढिगातल्या जुड्या त्यांनी देवळात पाठवल्या. अंदाज मात्र जुन्या जुडीचा सांगितला. स्वतःच्याच वावरात स्वतःचा पुडा कापला, आणि ते त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

आता दोनच वाटा होत्या. कोथिंबिरीचा अंदाज चुकला म्हणावं, तर बदाम पुन्हा सुरू आणि पहिली वाटी कायमची गेली. खरं सांगावं, तर आत्ता कंपनीला घातलेल्या सगळ्या शिव्या वळून आपल्याच अंगावर येणार. देवापुढं डबे मांडलेले, समोर सगळं गाव. भाऊंना चुलता आठवला, आपल्याच दारात उभा राहून हाका मारणारा.

"डोकं जाग्यावर हाय माजं!" ते एकदम ओरडले. "अंदाज बराबर व्हता! जुडीच बारीक बांधली व्हती मी!"

खांबापलीकडून सारजाबाईंचा आवाज आला, "खरं हाय. मी बांधल्यात," आणि देऊळ असं हसलं की वरची पारवी उडाली. बानूबाई डोळे पुसत म्हणाली, "मंग भाऊ, गोव्याला कवा जायचं?" भाऊ मान खाली घालून उभे राहिले. कान लालबुंद झाले होते. लाज वाटत होती, खूप वाटत होती. पण महिनाभर छातीवर बसलेली भीती उतरली होती, आणि तिच्यापुढं लाज त्यांना हलकी वाटली. गावात कुणी आता त्यांच्याशी सावकाश बोलत नव्हतं. चांगलं खडसावून बोलत होतं.

यमाजींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"केटरिंगवाल्याचं ऱ्हाऊ द्या. अंदाज भगवंताचाच," ते म्हणाले. "कोथमीर तेवढी दुसऱ्याच्या वावरातली आनू."

पुन्हा हशा झाला. भाऊंनी तो संपेपर्यंत वाट पाहिली. मग टोपी मागं सारली आणि डोळे मिटले.

"माणसं किती धरायची?" त्यांनी विचारलं.