होडीत पायमोजे

आमची आई गोचिडाला वाघापेक्षा जास्त घाबरते. वाघ निदान लांबून दिसतो, असं तिचं म्हणणं. जसं काही बारामतीत तिला रोज वाघच भेटतात. पण तिला तरी काय बोलणार? गेल्या वर्षी लासुर्ण्याच्या शेताच्या बांधावर एक गोचीड आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पोटरीला चिकटला. त्यांना असा ताप भरला की आई कितीतरी दिवस त्यांच्या उशाशी बसून होती.

तरी यंदा उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरलं आणि आबांनी हट्ट धरला : धरणात गेलेलं आपलं जुनं घर उघडं पडलंय, बघून येऊ. इतकी वर्षं पाण्यात भिजलेलं घर आता काय चहा पाजणार होतं, देव जाणे. आई तयार झाली, पण अटी घालून. कपडे पांढरे, म्हणजे गोचीड चटकन दिसतो. पायजमा पायमोज्यात खोचायचा. गवतात बसायचं नाही. भिगवणजवळ आम्ही होडीत चढलो, तेव्हा फ्लेमिंगो बघायला आलेले पुण्याचे पाहुणे पक्षी सोडून आमचेच फोटो काढू लागले. इतकी दुर्मीळ जात त्यांनी पाहिली नसावी.

होडी काठाला लागली. समोर गुडघाभर गवत आणि त्यात चरणारी मेंढरं, म्हणजे गोचिडांचं माहेरच. आबा उतरणार, तोच आई म्हणाली, "थांबा. आधी मी बघती." काठीनं गवत झोडपत आमच्या सेनापती पुढे निघाल्या आणि मध्येच थबकल्या. गवतात आमच्या घराचा दगडी उंबरा होता. लग्न झाल्यावर आईनं माप ओलांडलं ते याच उंबऱ्यावर.

तिनं चपला काढल्या. मग वाकून मोजेही काढले.

"अगं, गोचीड हायत तितं," आबा म्हणाले.

"म्हून काय घरात पायताण घालून जायाचं?"

ती उंबरा ओलांडून आत गेली आणि चुलीच्या जागी, गवतातच, मांडी घालून बसली. मला हसू यायला हवं होतं, रडू आलं.

परतताना होडीत आबांनी चष्मा लावला आणि आईचे पाय मांडीवर घेतले. चारचौघांत बायकोशी धड बोलायला लाजणारा हा माणूस नावाड्यासमोर तिच्या बोटांच्या बेचक्या तपासत होता.

"सोडा की. लोक बघत्यात," आई म्हणाली.

"बघू देत. तुला ताप आला तर मी काय करू? मला गॅससुदिक पेटवता येत न्हाय."