दोनशे चौदा, ‘आ रही हैं’

यंदा संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा चाळीसला खोली क्रमांक दोनशे चौदामधल्या ताई आमच्या वृद्धनिवासाच्या फाटकातून एकट्या बाहेर पडल्या. गार्डने वहीत वेळ लिहिली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘आ रही हैं.’ त्या परतल्या संध्याकाळी पाच पंचवीसला.

निवास नोएडाच्या पुढे, एक्स्प्रेसवेपासून आत आहे. राहणारी साठेक माणसं, त्यांत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघी. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची बावीस वर्षं गेली. त्या स्वतः शाळेत गणित शिकवायच्या. मी दोनशे सोळामध्ये राहते. त्याआधी एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर होते.

त्या दिवशी मी फाटकाशेजारच्या बाकावर पेपर वाचत होते. ताईंच्या हातात तिळाच्या लाडवांचा स्टीलचा डबा होता. रथसप्तमीच्या आत जुन्या शेजाऱ्यांना तिळगूळ पोचवायचा, एवढंच काम. गार्डला त्या म्हणाल्या, “अच्छा भैया, आती हूँ.” गार्ड म्हणाला, “जी माताजी.” आणि त्याने फाटक उघडंच ठेवलं.

साडेबाराला ताईंचं ताट झाकून ठेवलं गेलं. दोनला माळ्यांनी पंपाच्या खोलीत डोकावून पाहिलं. तीनला मॅनेजर फाईल घेऊन माझ्याकडे आली. पस्तिशीची, नीटस, काळजी करणारी बाई. आम्हा सगळ्याजणींना ती आंटीजी म्हणते.

“आंटीजी, आप वहीं थीं. क्या कहा था उन्होंने? एकदम सही शब्द बताइए.”

“‘अच्छा भैया, आती हूँ.’”

“‘जाती हूँ’ नहीं कहा?”

“नहीं.”

तिने ते अवतरणचिन्हांत लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. फाईलमध्ये माझी सही असलेली ही चौथी नोंद होती. चारही नोंदींतले शब्द मी बरोबर सांगितले होते.

फाईलमध्ये ताईंच्या नावाने ऑक्टोबरपासून अकरा नोंदी होत्या. योगाच्या वर्गातून अर्ध्यावर उठल्या, ‘आती हूँ’ म्हणाल्या, आल्या नाहीत. फिजिओथेरपीच्या खोलीतून उठल्या, तसंच. कर्नलसाहेब एक्क्याऐंशी वर्षांचे, निवासातले कॅरम चँपियन. त्यांच्यासमोर डाव चालू असताना ताई ‘आती हूँ’ म्हणून उठल्या. चाळीस मिनिटं साहेबांनी कोणाला बोर्डाला हात लावू दिला नाही. आठवी नोंदही त्यांचीच. डिसेंबरात एका संध्याकाळी ताई त्यांच्याकडून मासिक परत घ्यायला गेल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “अच्छा साब, आती हूँ.” साहेबांनी मफलर बदलला, किचनमधून दोन प्लेट पकोडे मागवले आणि दार उघडं ठेवून बसले. ताई आल्या नाहीत. पकोडे पूर्ण मजल्याने खाल्ले आणि पुढचे पंधरा दिवस त्यावर बोलणंही पूर्ण मजल्याने केलं.

मॅनेजरच्या हिशेबाने याचा अर्थ एकच निघत होता : आंटीजी बोललेलं विसरतात.

विसरणाऱ्यांसाठी आमच्याकडे तिसरा मजला आहे. तिथे उजेड चांगला येतो, माणसंही चांगली आहेत. दाराला आकड्यांचं कुलूप आहे. मदतनिसाशिवाय खाली उतरता येत नाही. खोलीत स्वतःची किटली ठेवता येत नाही.

पाच पंचवीसला ताई रिकामा डबा घेऊन आत आल्या तेव्हा फाटकाशी पंधरा-वीस जण उभे होते. त्यांनी चप्पल न काढता मला विचारलं, “काय गं, कोण गेलं?”

“तुम्ही.”

“मी गेले? मग ही कोण आली?”

कर्नलसाहेब पुढे झाले. “मॅडम, आपने कहा था आती हूँ. हमने लंच नहीं किया.”

“मग करायचं होतंत! मेरे लिए क्यों रुके?”

“आपने कहा था.”

“हाँ, कहा था. कहके ही गई ना?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यात उलगडून सांगण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

एक भाग मात्र तेव्हाही जुळत नव्हता. लक्ष्मीबाई नगरहून आपण दोनला निघालो, असं ताई म्हणाल्या. मेट्रोने आणि पुढे रिक्षाने आमच्याकडे यायला दीड-पावणेदोन तास पुरतात. उरलेल्या वेळाबद्दल त्या मला म्हणाल्या की एका दुकानात साड्या पाहिल्या. मॅनेजरला म्हणाल्या की शेजारणीकडे डोळा लागला. यातलं काय खरं, ते मला पडताळता आलं नाही.

बुधवारी ताईंच्या मुलाला फोन गेला. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा, गुरुग्रामला एका आयटी कंपनीत. वाढला लक्ष्मीबाई नगरातच. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, “आई, तू बोललीस आती हूँ आणि मग गायब? यार, हे सेफ नाहीये. वरच्या फ्लोअरवर केअर चांगली आहे. मी हो म्हणतोय.” डॉक्टर गुरुवारी चारला येणार होते. तिसऱ्या मजल्याच्या कागदावर त्यांची फक्त सही व्हायची बाकी होती.

बुधवारीच दुपारी मी दोनशे चौदामध्ये गेले. ताई किटली पुसत होत्या.

“वर ही चालत नाही म्हणे,” त्या म्हणाल्या. “इथला चहा तू प्यायली आहेस. सांग, तो चहा आहे का?”

“नाही.”

“दाराला चार आकडे आहेत. मी एकदा पाहिले तर पाठ होतील. पण पाहू देत नाहीत.” किटली पुन्हा पुसून झाली. “मी खरंच विसरते का गं? तू खरं सांग. तुला खोटं बोलता येत नाही म्हणून विचारते.”

“ताई, मला माहीत नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “उद्या तू बस माझ्याबरोबर. माझं हिंदी सरकारी आहे, त्यांना कळत नाही.”

गुरुवारी चारला मॅनेजरच्या खोलीत डॉक्टर, मॅनेजर, मुलगा, ताई आणि मी होतो. डॉक्टरांनी वार विचारला.

“गुरुवार. मेरा उपवास है. आपके किचन का साबूदाना पत्थर है, वो भी लिखिए.”

शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. ताईंनी दोनपर्यंत उतरून दाखवलं आणि म्हणाल्या, “आगे माइनस में जाऊँ?” डॉक्टर म्हणाले, नको. मुलगा हसला. मग डॉक्टरांनी फाईल उघडून अकरा नोंदी वाचल्या. ताई ऐकत होत्या. पाचव्या नोंदीपासून त्यांचा चेहरा उतरला.

“आप कहती हैं कि आएँगी, और आती नहीं. याद रहता है?”

“मैं तो गई थी. इसलिए तो कहा आती हूँ.”

“गई थीं, इसलिए कहा कि आती हूँ?”

“तो और क्या कहती?”

डॉक्टरांनी पेन उचललं. “मान लीजिए, आप यहाँ से उठकर अपने कमरे में जा रही हैं. क्या कहेंगी?”

“आती हूँ.”

“और अगर सच में लौटकर आ रही हों?”

“तब भी आती हूँ.”

डॉक्टरांनी बरंच काही लिहिलं. मॅनेजरने पाण्याचा ग्लास ताईंपुढे सरकवला. मुलाने डोळे चोळले. खोलीत कोणालाच काही उमगत नव्हतं आणि प्रत्येक उत्तराने तिसरा मजला जवळ येत होता.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. तो उठला. “चल आई, मी जातो. ऑफिसचा कॉल आहे.”

“जातो काय म्हणतोस, घोड्या!” ताई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. “अठ्ठेचाळीस वर्षं सांगतेय. येतो म्हण!”

“हां यार, येतो,” असं म्हणून तो बाहेर गेला आणि दार लागलं.

मॅनेजरने मला विचारलं, “क्या कहा उन्होंने?”

“येतो. म्हणजे, आता हूँ.”

“तो वो आ रहे हैं?”

“नहीं. गए.”

मॅनेजरने बंद दाराकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मग मी सांगितलं. आमच्या घरांत निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ते अशुभ धरतात. जो परत यायचा नाही, तोच जातो. म्हणून कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालो तरी ‘येतो’ म्हणायचं आणि कायमचं परगावी निघालो तरी ‘येतो’च म्हणायचं. ताई हिंदीतही तेच म्हणतात.

“तो ये ग्यारह बार...” डॉक्टर म्हणाले.

“ग्यारह बार वो सिर्फ गईं.”

मॅनेजर माझ्याकडे वळली. “आंटीजी, चार बार आपके साइन हैं. आपने बताया क्यों नहीं?”

“आपने पूछा था, क्या कहा. मैंने वही बताया.”

“अगं बाई,” ताई मला म्हणाल्या, “तू पेपरात होतीस ना?”

एवढ्यात दार उघडलं आणि मुलगा परत आला. कॉल रद्द झाला होता. मॅनेजर म्हणाली, “पर आप तो चले गए थे.” तो म्हणाला, “मैंने बोला था ना, आता हूँ.” हे सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावायला दहा मिनिटं गेली.

डॉक्टरांनी सही केली नाही. मंगळवारचे मधले तास त्यांनी विचारले. ताईंनी या वेळी सांगितलं की मेट्रोत त्या उलट दिशेच्या गाडीत बसल्या होत्या. डॉक्टरांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. महिनाभर ताईंनी दोनशे चौदामध्येच राहावं, फाटकावरची वही नीट ठेवावी, महिन्याने वही पाहून ठरवू, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचनाफलकावर कागद लागला : ‘बाहर जाते समय कृपया केवल ‘जा रहा हूँ’ या ‘जा रही हूँ’ कहें.’ त्याचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. दुपारपर्यंत गोष्ट साऱ्या डायनिंग हॉलमध्ये पसरली होती. कर्नलसाहेब जेवून उठताना म्हणाले, “देवियो, मैं आता हूँ,” आणि झोपायला गेले. दोनशे आठमधल्या निवृत्त प्राचार्या त्यांची खीर सांभाळत बसल्या. मग त्याही “आती हूँ” म्हणून उठल्या. त्या खरंच परत आल्या, तर टेबल पुसून झालं होतं. आठवडाभर किचनला किती ताटं झाकायची ते कळत नव्हतं. आचारी दारात उभा राहून प्रत्येकाला विचारायचा, “आता वाला आता, या जाता वाला आता?”

ताई त्या कागदासमोर उभ्या राहून तो वाचून गेल्या. त्यानंतर नऊ दिवस त्या फाटकाबाहेर पडल्या नाहीत. संध्याकाळची भाजीवाल्यापर्यंतची फेरी बंद झाली.

“तेवढा एक शब्द म्हणून टाका,” मी त्यांना म्हटलं.

“नाही म्हणणार. ह्यांना हॉस्पिटलमध्ये नेत होते तेव्हा मी घाईत ‘जा, जा’ म्हटलं होतं. ते एकदा झालं तेवढं पुरे.”

दहाव्या दिवशी चार दहाला त्या पिशवी घेऊन फाटकाशी आल्या. मी बाकावर होते. गार्ड उठून उभा राहिला. तो पन्नाशीचा, गढवालचा. नऊ दिवस तोही विचारत होता की माताजी दिसत नाहीत.

“बोलिए माताजी. क्या लिखूँ?”

ताईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. गार्डने थोडं थांबून वहीत ‘गईं’ लिहिलं. ताईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि हात पुढे केला. “पेन दो भैया. यह मरने वालों का लिखते हैं.”

त्याने पेन दिलं.

महिना संपला तेव्हा मॅनेजरने डॉक्टरांसमोर वही उघडली आणि मला बोलावलं. ताईंच्या नावापुढे त्या दिवसापासून सतरा नोंदी होत्या. पहिल्या नोंदीत ‘गईं’ खोडून वर गणिताच्या बाईंच्या ठसठशीत अक्षरात एक शब्द लिहिलेला होता. पुढच्या सोळा नोंदींत तोच शब्द होता. त्यांतल्या दहा गार्डच्या हातच्या होत्या. प्रत्येक नोंदीपुढे परतीची वेळ होती.

“ये क्या लिखा है?” मॅनेजरने विचारलं.

“येते.”

“मतलब?”

“मतलब गईं,” मी म्हटलं. “और आएँगी.”

डॉक्टरांनी सतराही परतीच्या वेळा बोटाने पाहिल्या. त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावर ताईंसाठी राखून ठेवलेली खोली दुसऱ्या रहिवाशाला देण्यात आली.