शेवटच्या रांगेपर्यंत

साउंडवाल्या काकांचे स्पीकर म्हणजे कपाटाएवढी सोळा खोकी. एकेक उचलायला चार माणसं लागत, पण आवाज असा, की शेवटच्या रांगेतल्यालाही वाटावं, गाणारा आपल्या शेजारीच बसलाय. कंपनीने ती बनवणं कधीच बंद केलं होतं. सुटे भाग मिळेनात, तेव्हा काका एकाचं काढून दुसऱ्याला लावत. असं करता करता सोळाची नऊ उरली.

नाट्यगृहाचे व्यवस्थापक म्हणाले, "काका, आज मागपर्यंत नीट ऐकू आलं तर ठीक, नाहीतर उद्या नवे सडपातळ स्पीकर बसवतो."

आजवर तपासणीला माइकवर काकू बोलायच्या आणि काका मागे उभे राहून ऐकायचे. काकूंना जाऊन दोन महिने झाले होते. काका स्वतःच "हॅलो, हॅलो" म्हणाले आणि ऐकायला मागे धावले. ते पोचेपर्यंत आवाज थोडाच थांबतोय! पुन्हा बोलले, पुन्हा धावले.

सभागृह झाडणाऱ्या मावशींना हसू आवरेना. "काका, एकट्यानेच शिवाशिवी खेळताय होय?"

"मग तुम्ही बोला की माइकवर."

"अगं बाई! मी मेली काय बोलू?"

"घरी बोलता तेच."

काका शेवटच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मावशी लाजत म्हणाल्या, "अहो, जेवायला या, गार होतंय सगळं."

शब्द अगदी कानाशी आले. व्यवस्थापकांनी मान डोलावली, "राहू देत तुमची खोकी."

काका "बरं" म्हणाले आणि तिथल्याच खुर्चीत बसले. घरी जायची त्यांना काही घाई नव्हती.